चालू रेल्वेलाइनवर बांधकाम: नागपूरच्या साइटवर नव्याने येणाऱ्यांसाठी

मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे दोन्ही मोठे मार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. गेल्या काही वर्षांत इथून निघणाऱ्या जवळजवळ प्रत्येक दिशेला रेल्वेचं काम निघालं. वर्ध्याकडे तिसरी-चौथी लाइन, इटारसीकडे तिसरी, कळमन्याहून राजनांदगावकडे तिसरी. शिवाय नागपूर आणि अजनी स्टेशनांची पुनर्बांधणी, जिचं भूमिपूजन ११ डिसेंबर २०२२ ला झालं. त्यामुळे पॉलिटेक्निकमधून नुकताच निघालेला डिप्लोमावाला, ठेकेदाराकडे पहिल्यांदाच सुपरवायझर म्हणून लागलेला पोरगा, रस्त्याच्या नाहीतर इमारतीच्या कामावरून आलेला मुकादम असे कितीतरी नवे लोक रुळाच्या कडेला उभे राहायला लागले आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

सुरुवातीलाच एक फरक डोक्यात पक्का बसवा. इमारतीच्या साइटवर काम थांबवलं की बराचसा धोकाही थांबतो. इथे तुम्ही हात आवरलात तरी गाडी येतच राहते. ताशी १३० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला ३६ मीटर कापते, म्हणजे १ किलोमीटरवर दिसली की अर्ध्या मिनिटाच्या आत तुमच्यापाशी असते. लोको पायलटने तुम्हाला पाहून इमर्जन्सी ब्रेक लावला तरी एवढ्या अंतरात ती थांबेल याचा भरवसा नाही. गाडी दिसल्यावर काय करायचं, यावर इथली सुरक्षितता उभी करता येत नाही. ती आधीच ठरवावी लागते: कोणाची लेखी परवानगी आहे, घड्याळात किती वाजले आहेत आणि जमिनीवर रेघ कुठे आखली आहे.

पहिली पायरी: लाइन कोणाची, ते विचारून घ्या

हे नागपुरात विशेष महत्त्वाचं आहे. इथे मध्य रेल्वेचाही नागपूर विभाग आहे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचाही, आणि दोन्हींची डीआरएम (विभागीय व्यवस्थापक) ऑफिसं याच शहरात आहेत. ढोबळमानाने अजनी, खापरी, बुटीबोरी ही वर्ध्याची बाजू आणि गोधनीवरून काटोल-नरखेडकडे जाणारी लाइन मध्य रेल्वेची. इतवारी, कळमना, कामठी ही बाजू दक्षिण पूर्व मध्यची. एका विभागाची परवानगी दुसऱ्याच्या हद्दीत चालत नाही. दोन्हींच्या लाइनी जिथे जवळजवळ येतात तिथे तर नकाशा घेऊन, किलोमीटर आणि ओएचई (रुळावरची विजेची तार) खांबाचा नंबर लिहूनच बोला. ‘कळमन्याच्या पुढे, पुलाजवळ’ हा पत्ता रेल्वेत कोणाच्या कामाचा नाही.

आपल्या विभागात कोणाशी गाठ पडणार तेही समजून घ्या. रूळ, गिट्टी, भराव सांभाळतो इंजिनिअरिंग विभाग, म्हणजे तुमच्यासाठी एसएसई पी-वे (रूळमार्गाचे सीनिअर सेक्शन इंजिनिअर). जुने लोक अजून पीडब्ल्यूआयसाहेबच म्हणतात. सिग्नल आणि त्यांच्या केबली एस अँड टी (सिग्नल आणि टेलिकॉम) विभागाकडे, वरची विजेची तार टीआरडी विभागाकडे. गाड्या चालवतो ऑपरेटिंग विभाग, म्हणजे स्टेशन मास्तर आणि सेक्शन कंट्रोलर. या चौघांपैकी एकाने ‘हो’ म्हटलं म्हणजे बाकीच्यांनी म्हटलं असं होत नाही. पी-वेचे साहेब साइटवर उभे आहेत म्हणून तार बंद आहे असं धरून चालणारे नवे लोक दर साइटवर भेटतात. त्यांना पहिल्याच दिवशी हे सांगितलं पाहिजे.

दुसरी पायरी: चुन्याची रेघ

कामाला हात घालण्याआधी जमिनीवर दोन अंतरं आखा. दोन्ही सर्वांत जवळच्या चालू लाइनच्या मध्यापासून मोजायची, बाजूच्या रुळापासून नाही. पहिलं ६ मीटर, दुसरं ३.५ मीटर.

रेल्वेच्या ठेक्याच्या सर्वसाधारण अटींमध्ये हे स्पष्ट आहे. ठेकेदाराच्या गाड्यांनी ६ मीटरच्या बाहेर राहायचं. ६ ते ३.५ मीटरच्या पट्ट्यात काम किंवा वाहतूक करायची तर रेल्वेने नेमून दिलेला कर्मचारी तिथे हजर हवा. ३.५ मीटरच्या आत गाडीचा वा यंत्राचा कुठलाही भाग जाता कामा नये. तिथलं काम ब्लॉकमध्येच, म्हणजे त्या लाइनवर ठरलेला वेळ गाड्या बंद ठेवूनच.

‘कुठलाही भाग’ हे शब्द नीट वाचा. पोकलेनची चेन ४ मीटरवर आहे म्हणून पोकलेन सुरक्षित होत नाही. तिची मागची बाजू वळताना लाइनकडे येते, बकेट तर सहज येते. भारतीय रेल्वेचा डबा सव्वातीन मीटरपर्यंत रुंद असतो, म्हणजे लाइनच्या मध्यापासून १.६ मीटरपेक्षा जास्त बाहेर येतो, वर वाऱ्याचा झोत आणि लटकती दोरी-ताडपत्री वेगळीच. ३.५ मधून ते वजा करा, मग कळेल की उरलेली जागा फार मोठी नाही. म्हणून यंत्र लाइनला समांतर उभं करा, बूम लाइनपासून दूर वळेल असं ठेवा आणि ऑपरेटरला तसं करून दाखवायला सांगा. नुसतं ‘समजलं का’ विचारलं तर तो ‘हो’च म्हणणार.

रेघ चुन्याची असली तरी एका पावसात किंवा दोन हायवा (डंपर) फिरल्या की पुसते. जिथे रोजची ये-जा आहे तिथे बांबू आणि जाळीचं, नाहीतर पाइपाचं पक्कं बॅरिकेडिंग हवं. ते रोज सकाळी काम सुरू होण्याआधी चालत जाऊन बघायचं.

हायवा, ट्रॅक्टर, जेसीबी यांच्याबद्दल आणखी काही अटी आहेत. लाइनलगत वाहनं फिरवायची तर वाहनाचा प्रकार, ड्रायव्हरचं नाव, लायसन्स, जागा आणि वेळ देऊन लेखी परवानगी काढावी लागते. ड्रायव्हर, फ्लॅगमन आणि सुपरवायझर यांना रेल्वेचे अधिकारी समजावून, तपासून प्रमाणपत्र देतात. वाहतूक सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच. नेमलेला ड्रायव्हर सुट्टीवर आहे म्हणून क्लीनरने गाडी घेतली, तर ती परवानगी त्या गाडीपुरती संपली असं समजा आणि गाडी उभी करा. मागे घेताना (रिव्हर्स) फ्लॅगमन मागे दिसला पाहिजे. भरावाच्या कडेवरून घसरलेली हायवा थेट रुळावर जाते.

तिसरी पायरी: खोदण्याआधी केबल शोधा

रुळाच्या कडेची जमीन रिकामी दिसते, पण तिच्या पोटात सिग्नलच्या, टेलिफोनच्या, विजेच्या केबली असतात. जेसीबीचा एक दात लागला की सिग्नल लाल होतात आणि गाड्या जिथल्या तिथे उभ्या राहतात. त्या दिवसाचा खोळंबा आणि दंड हा एक भाग झाला. खरा धोका पुढे आहे: सिग्नल बंद असताना गाड्या कागदी अधिकारपत्रांवर आणि माणसांच्या तोंडी-लेखी निरोपांवर चालवाव्या लागतात, केबल घाईत जोडावी लागते, आणि घाईतच चुका होतात.

म्हणून एस अँड टी, टीआरडी आणि इंजिनिअरिंग यांची संयुक्त पद्धत ठरलेली आहे. आधी खोदाईची जागा कळवायची, केबलचा मार्गनकाशा घ्यायचा, तिन्ही विभागांच्या माणसांनी जागेवर चालत जाऊन खुणा करायच्या आणि खोदाईच्या दिवशी एस अँड टीचा माणूस हजर ठेवायचा. केबल साधारण मीटरभर खोल असते असं धरलं जातं, पण भराव धुपला असेल किंवा जुनी दुरुस्ती झाली असेल तर ती हातभरावरही सापडते. यंत्र लावायच्या आधी हाताने आडवा चर घ्या, कुदळीने नाही, फावड्याने, हळूहळू. विटांचा थर किंवा वाळू लागली तर तिथेच थांबा. केबलवर असंच झाकण घातलेलं असतं.

रुळावरही अशीच एक गोष्ट आहे. सब्बल, लोखंडी टेप किंवा सळई दोन्ही रुळांना एकाच वेळी टेकली की ट्रॅक सर्किट शॉर्ट होतं, सिग्नल यंत्रणेला तिथे गाडी उभी आहे असं वाटतं आणि सिग्नल लाल पडतो. सामान उचलून रूळ ओलांडणाऱ्या प्रत्येक मजुराला हे माहीत हवं.

चौथी पायरी: डोक्यावरच्या तारेपासून २ मीटर

रुळावरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. घरच्या विजेसारखं ‘हात लावला तरच’ असं इथे नाही. अंतर कमी झालं की हवेतूनच ठिणगी उडते. म्हणून चालू तारेपासून २ मीटरच्या आत माणूस, अवजार, यंत्र काहीच नको. आत जायचं असेल तर टीआरडीकडून पॉवर ब्लॉक (तारेतली वीज बंद), लेखी परमिट टू वर्क आणि डोळ्यांसमोर केलेलं अर्थिंग (तार जमिनीशी जोडणं), तिन्ही हवीत.

अर्थिंगचं कारण नव्या माणसाला पटकन पटत नाही. तार बंद केली, मग अर्थ कशाला? कारण शेजारच्या चालू लाइनमुळे बंद तारेतही वीज उत्पन्न होते, आणि कोणाच्या चुकीने ती पुन्हा चालूही होऊ शकते. अर्थिंगचे डिस्चार्ज रॉड कामाच्या दोन्ही बाजूंना लागलेले दिसले पाहिजेत. एकाच बाजूला दिसला तर वर चढू नका.

तार रुळापासून साधारण साडेपाच मीटर उंचीवर असते. हायवाची ट्रॉली वर उचलली की ती सहज तिथवर जाते. १२ मीटरची सळई खांद्यावर उभी धरून चालणारा मजूर, ओली शिडी, लोखंडी दांड्याची छत्री, पाण्याच्या टँकरवरून उडवलेलं पाणी हे सगळं त्यातच येतं. सळया, पाइप, बांबू आडवे धरूनच न्यायचे, दोघांनी.

आणि रूळ कापायचा किंवा जोड उघडायचा असेल तर आधी तात्पुरता बॉण्ड (दोन्ही टोकं जोडणारी तार) लावून घ्या. इंजिनने घेतलेली वीज रुळांतूनच परत जाते. वाट तुटली तर कापलेल्या दोन टोकांत जीवघेणा दाब येतो.

पाचवी पायरी: लुकआउटवाला

लुकआउटवाल्याचं काम एकच: गाडी बघणं आणि शिटी वाजवणं. त्याच्या हातात फावडं दिसलं तर त्या क्षणी साइटवर लुकआउटवाला नाही असं समजून काम थांबवा. दुखापतीमुळे हलकं काम हवं म्हणून एखाद्याला तिथे उभं करतात, हे तर अजिबात चालणार नाही. चांगले डोळे, चांगले कान, लाल-हिरवी झेंडी, शिटी, रात्री हँड सिग्नल दिवा आणि सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेला माणूस हवा. वेळेवर पाणी आणि बदली माणूस हवा. नागपूरच्या मेमध्ये दोन तास उन्हात उभ्या माणसाची नजर पहिल्यासारखी राहत नाही.

त्याला किती लांबचं दिसायला हवं? हिशोब स्वतः करा. तुमची टोळी अवजारं उचलून ठरलेल्या जागी पोचायला १५ सेकंद घेत असेल आणि त्यानंतर आणखी १५ सेकंद हातात असावेत असं धरलं, तर ३० सेकंद झाले. १३० च्या वेगाला ते जवळपास ११०० मीटर होतात. सपाट सरळ मार्गावर एवढं दिसतं. वळणावर, खोदीत (कटिंगमध्ये), रोडब्रिजच्या खाली दिसत नाही. तिथे एका माणसाने भागणार नाही. मध्ये दुसरा उभा करा, जो पहिल्याची झेंडी पाहून तुमच्याकडे शिटी वाजवेल. त्यानेही जमत नसेल तर ते काम चालू वाहतुकीत करायचंच नाही, ब्लॉकमध्ये करायचं. टोळीला खरोखर १५ सेकंद लागतात का, हे घड्याळ लावून एकदा करून बघा. ब्रेकर चालू असताना शिटी ऐकू येते का, तेही तेव्हाच कळेल.

कोणत्या बाजूला जायचं हे सकाळीच ठरवून सगळ्यांना दाखवा. दोन लाइनींच्या मधल्या पट्ट्यात थांबायचं नाही, कधीच नाही. नव्या कामात दोन लाइनींच्या मध्यांतलं अंतर ५.३ मीटर धरतात. दोन्हींवर सव्वातीन मीटर रुंद गाड्या आल्या तर मध्ये जेमतेम २ मीटर उरतात. जुन्या लाइनींमध्ये तेवढंही नाही.

एक जुनी, पुन्हा पुन्हा जीव घेणारी गोष्ट इथेच सांगतो. मालगाडी जाताना लोक शेजारच्या लाइनवर सरकतात. मालगाडीचा आवाज एवढा असतो की शेजारच्या लाइनवरून येणारी गाडी ऐकू येत नाही, आणि ती दिसतही नाही, कारण मध्ये मालगाडीच आहे. कोळशाच्या लांबच लांब मालगाड्यांचा हा भाग, आणि त्यातच २०२२ पासून नागपूर–बिलासपूर वंदे भारतसारखी कमी आवाजाची गाडीही धावते. सरकायचं ते बाहेर, सेसच्याही (गिट्टीलगतच्या भरावाच्या कडेच्या) पलीकडे, आणि पहिली गाडी गेल्यावर लुकआउटवाल्याने खूण केल्याशिवाय कोणी परत यायचं नाही.

दिशेवरही विसंबू नका. अप लाइनवर गाडी नेहमी अपचीच येईल असं नाही. एक लाइन ब्लॉकमध्ये असली की दुसऱ्या लाइनवरून दोन्ही दिशांच्या गाड्या काढतात. म्हणजे तुमचाच ब्लॉक चालू असताना शेजारची लाइन जास्त फसवी होते.

सहावी पायरी: ब्लॉक मागणं, मिळणं, वापरणं

ब्लॉक म्हणजे ठरावीक लाइनवर, ठरावीक दोन ठिकाणांच्या मध्ये, ठरावीक वेळ गाड्या बंद. यातलं एकही ‘ठरावीक’ सैल झालं की तो ब्लॉक तुमचा नाही. ब्लॉक रेल्वेचा अधिकृत कर्मचारी घेतो, ठेकेदाराचा माणूस नाही. स्टेशन मास्तर कंट्रोलरची मंजुरी घेतो, प्रायव्हेट नंबरची (निरोपाच्या खात्रीसाठीच्या गुप्त आकड्यांची) देवाणघेवाण होते, वेळ लिहिली जाते. ‘मिळाला वाटते’, ‘गाडी गेली, आता नाही काही’ असल्या बोलण्यावर एक पाऊलही पुढे टाकू नका. तुम्ही सुपरवायझर असाल तर एसएसईला विचारा: कुठली लाइन, कुठून कुठे, किती वाजेपर्यंत? उत्तर वहीत लिहा आणि सगळ्या टोळीला मोठ्याने वाचून दाखवा.

आता वेळेचा हिशोब. तो नेहमी शेवटाकडून मांडायचा. समजा रात्री १ ते ४ असा ३ तासांचा ट्रॅफिक आणि पॉवर ब्लॉक मंजूर आहे. लाइन ४ ला परत द्यायची. त्याआधी अर्थिंग काढून, परमिट परत करून तार चालू करायला पंधरा-वीस मिनिटं. त्याआधी माणसं मोजणं, अवजारं मोजणं, रूळ तपासणं, यंत्रं बाहेर काढणं यात वीस मिनिटं. म्हणजे ३:२० ला खरं काम संपलेलं हवं. सुरुवातीला शेवटची गाडी निघून लाइन हाती येईपर्यंत १:१०, तार बंद होऊन अर्थिंग लागेपर्यंत १:३०. कागदावरच्या ३ तासांतले कामाला मिळाले १ तास ५० मिनिटं. तुमचं काम अडीच तासांचं असेल तर ते आजच्या ब्लॉकमध्ये बसत नाही, हे आदल्या दिवशी ऑफिसात कबूल करा. रात्री अडीच वाजता रूळ उघडा पडलेला असताना नको.

याच हिशोबातून आणखी एक वेळ काढून फळ्यावर लिहा: कितीपर्यंत ब्लॉक हाती आला नाही तर काम सुरूच करायचं नाही. ब्लॉक उशिरा मिळणं रोजचं आहे. एखादी गाडी लेट झाली की तासभर सरकतो. रूळ कापण्याआधी, गर्डर जागेवरून हलवण्याआधी घड्याळ बघा. एकदा कापला की मागे फिरता येत नाही.

ब्लॉक चालू झाला म्हणजे लाइनवर काहीच हलणार नाही, असंही नाही. टॉवर वॅगन (तारेच्या दुरुस्तीची गाडी), गिट्टीची गाडी, ट्रॅक मशीन त्याच ब्लॉकमध्ये फिरत असतात. त्यांच्यापुढे चालताना, रुळावर बसताना तीच काळजी. थकून रुळावर डोकं टेकवणारे मजूर रात्रीच्या कामात दिसतात. त्यांना उठवणं हे त्या वेळचं पहिलं काम.

कामाच्या जागेचं रक्षण ब्लॉकमध्येही करायचं असतं. ब्रॉडगेजवर लाइन अडवलेली असेल तर ६०० मीटरवर रुळाच्या आडवी लाल बॅनर झेंडी आणि १२०० मीटरवर, १०-१० मीटरच्या अंतराने तीन डेटोनेटर (रुळावर ठेवायचे, चाकाखाली मोठ्याने फुटणारे इशाऱ्याचे फटाके). वेगमर्यादेचं काम असेल तर आधी सावधानतेचा फलक, मग वेगाचा फलक, आणि काम ओलांडल्यावर टी/पी (प्रवासी गाडीसाठी) आणि टी/जी (मालगाडीसाठी) असे सुटकेचे फलक, कारण गाडीचा शेवटचा डबा पुढे निघेपर्यंत वेग वाढवायचा नसतो. लोको पायलटला हीच मर्यादा टी/४०९ या कॉशन ऑर्डरमधून कळवलेली असते. कामाच्या सोयीसाठी हे फलक हलवू नका, त्यांच्यासमोर मुरमाचा ढीग टाकू नका. रात्रीचे हॅलोजन लाइनकडे तोंड करून लावले तर लोको पायलटला सिग्नल दिसत नाही. ते खाली आणि लाइनपासून वळवून लावा.

सिग्नलच्या यंत्रणेला हात लावायचा असेल तर डिस्कनेक्शन नोटीस, टी/३५१, दिल्याशिवाय नाही, आणि पूर्ण चाचणी झाल्याशिवाय रिकनेक्शन नाही. २ जून २०२३ ला ओडिशात बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्सप्रेस लूप लाइनवर (स्टेशनातल्या बाजूच्या लाइनवर) गेली, तिथे उभ्या मालगाडीवर आदळली आणि २९० हून अधिक माणसं मेली. चौकशीत कारण निघालं ते सिग्नलच्या सर्किटमधल्या बदलांतली चूक, जी फाटकाच्या कामाच्या वेळी जिवावर बेतली. सिव्हिलच्या कामावर असलात तरी ही घटना माहीत असू द्या. एस अँड टीचा माणूस ‘अजून टेस्टिंग राहिलंय’ म्हणत असेल तर त्याला घाई करायला लावू नका.

नागपूरचं ऊन आणि काळी माती

मेमध्ये इथे पारा ४५ च्या वर जातो आणि रूळ हवेपेक्षा कितीतरी जास्त, ६० अंशांपलीकडे तापतो. आता रूळ जोडून सलग लांब केलेले असतात. तापल्यावर त्यांना लांब व्हायला जागा नसते, त्यामुळे ते आतल्या आत दाब सोसतात, आणि त्यांना जागेवर धरून ठेवते ती स्लीपरभोवतीची व खांद्यावरची गिट्टी. ऐन दुपारी ती गिट्टी उकरली तर रूळ काही क्षणांत नागमोडी होऊ शकतो. म्हणून गिट्टीला हात घालणारं काम रुळाच्या तापमानावर बांधलेलं असतं. साधारण नियम असा की रूळ ज्या तापमानाला ताणमुक्त करून बसवला त्यापेक्षा १० अंश वर ते ३० अंश खाली एवढ्यातच नेहमीची देखभाल करायची. ते तापमान एसएसईकडून विचारून घ्या आणि रुळाचा थर्मामीटर साइटवर ठेवा. ‘बाजूला नुसता चर घेतोय, गिट्टीला कुठे हात लावतोय’ असं म्हणणाऱ्याला चराच्या कडेने घरंगळणारी गिट्टी दाखवा.

काळी माती हा दुसरा विषय. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि चिखल होते. कोरडी असताना भिंतीसारखी उभी राहिलेली चराची बाजू पहिल्या सरीनंतर एका तुकड्यात खाली येते. १.५ मीटरपेक्षा खोल चराला आधार (शोरिंग) हवाच, आणि चालू भरावाच्या पायथ्याशी असेल तर त्याहून आधीपासून. उकरलेली माती काठावर रचू नका. गाडी गेल्यावर काठाला समांतर नवी भेग दिसली तर माणसं बाहेर काढा आणि एसएसईला कळवा, कारण मग प्रश्न तुमच्या चराचा राहत नाही, वरच्या लाइनचा होतो.

एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी उठणारी वावटळ विसरू नका. सिमेंटवरची ताडपत्री, शेडचा पत्रा, प्लास्टिकची शीट उडून थेट तारेवर जाते. काम संपताना या तीन गोष्टी दोरीने बांधून, वर वजन ठेवून जायचं.

क्रेन आणि गर्डर

हे काम नव्या माणसाने चालवायचं नाही, पण तो तिथे असतोच, म्हणून थोडक्यात. कामठी रोडवर गड्डीगोदामला मेट्रो आणि उड्डाणपुलाचा दुमजली लोखंडी पूल रेल्वेलाइनवरून गेलेला सगळ्यांनी पाहिला आहे. ८० मीटरचा गाळा, सुमारे १६५० टन लोखंड. खालून गाड्या चालू असताना एवढं वजन पुढे सरकवायचं तर हालचालीचा प्रत्येक टप्पा आधी कागदावर असावा लागतो. तुमच्या साइटवर ५ टनांची हायड्रा क्रेन असली तरी विचार तोच: कोलमडली तर कुठे पडेल? उत्तर ‘रुळावर’ असेल तर ब्लॉकशिवाय उचलायचं नाही. आउटरिगरखाली (क्रेनच्या आधाराच्या पायांखाली) काळी माती असेल तर नुसता लाकडी ठोकळा पुरणार नाही, पक्कं बूड करा. लोड चार्ट (किती अंतरावर किती वजन उचलता येतं त्याचा तक्ता) ऑपरेटरच्या केबिनमध्ये हवा आणि इशारा देणारा माणूस एकच हवा.

लाइन परत देणं

सगळ्यात जास्त घाई इथे होते. ३:२० वाजले आहेत, चार बोल्ट राहिले आहेत, मिस्त्री म्हणतो, “साहेब, दोन मिन्टाचं काम हाय, उरकून घेतो.” ते उरकायचं की सोडायचं, हे एसएसई ठरवेल. तुम्ही माणसं मोजा. आत गेली तेवढी बाहेर आली का, नावं वाचून. मग अवजारं: सब्बल, जॅक, गेज, पाना, ब्रेकरची नळी. आखणीची दोरीसुद्धा. रुळाच्या आत किंवा लगत रचलेली गिट्टी, स्लीपर, सुटे रूळ काहीही गाडीच्या आड येत नाही ना, ते चालत जाऊन, टॉर्च मारून बघा. मग अर्थिंग निघणार, परमिट परत जाणार, आणि शेवटी एसएसई लेखी ‘ट्रॅक फिट’ देणार, वेग किती ते लिहून. तुमचा मजूर अर्थिंग निघाल्यावर ‘विसरलेला पाना’ आणायला वर चढणार नाही, ही जबाबदारी तुमची.

पहिली गाडी कमी वेगाने जाताना बाहेर उभे राहून बघा: स्लीपर उचलले जातात का, भराव दबतो का, काही खडखडतं का. दुसऱ्या दिवशी उजेडात पुन्हा, आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा.

काही बिघडलंच तर

लाइनवर यंत्र पडलं, भराव खचला, तार तुटली, तर आधी गाड्या थांबवायच्या, यंत्र वाचवायचं नंतर. दोन माणसं दोन दिशांना लाल झेंडी (रात्री लाल दिवा) जोरजोरात हलवत पळतात; जिकडून गाडी आधी येण्याची शक्यता आहे ती बाजू पहिली. शेजारची लाइनही अडली असेल तर तिचंही रक्षण. ६०० मीटरवर एक डेटोनेटर, १२०० वर तीन. त्याच वेळी तिसरा माणूस जवळच्या स्टेशन मास्तरला किंवा कंट्रोलला कळवतो. म्हणून ते नंबर, सेक्शनचं नाव आणि साइटचा किलोमीटर व खांबाचा नंबर प्रत्येक सुपरवायझरच्या मोबाइलमध्ये आणि साइटच्या फळ्यावर हवेत. घाबरलेल्या माणसाला आठवत नाही. त्याला वाचता मात्र येतं.

तारेचा शॉक बसलेल्या माणसाला, तार बंद होऊन अर्थ लागेपर्यंत हात लावू नका. तुटून लोंबणाऱ्या तारेजवळही जाऊ नका. सगळ्यांत अवघड सूचना हीच आहे, कारण समोर आपलाच माणूस पडलेला असतो. म्हणून ती सकाळच्या बैठकीत रोज सांगा. सोबत १०८ ला फोन कोण करणार, गाडी कुठल्या रस्त्याने आत येणार आणि माणूस कुठल्या हॉस्पिटलात न्यायचा हेही आधी ठरवा: खापरी-बुटीबोरीच्या बाजूला मिहानचं एम्स, अजनीकडून मेडिकल, इतवारी-कळमन्याकडून मेयो. रेल्वेच्या कडेच्या कितीतरी साइटना पक्का रस्ताच नसतो. पावसाळ्यात अँब्युलन्स कुठपर्यंत येऊ शकते, ते काम सुरू करण्याआधी स्वतः गाडी नेऊन बघा, आणि साइटपासून तिथपर्यंत माणूस उचलून न्यायला स्ट्रेचर साइटवरच ठेवा.